अकराव्या देशातली प्रत

ताईंना भित्री म्हणणारे ऑफिसात पुष्कळ होते, आणि त्यात पहिला नंबर माझा. लिफ्टमध्ये ही बाई एकटी कधी चढायची नाही. साहेबांच्या केबिनची बेल वाजली, मग ती दुसऱ्या कुणासाठी का असेना, की ह्यांच्या हातातलं पेन खाली. पाण्याचा ग्लास कायम अर्धा, कारण भरलेला सांडतो आणि कागद भिजतात. एकदा मी वैतागून म्हणाले, "ताई, तुम्ही जन्माला तरी कशा आलात हो? घाबरून आतच बसायचं होतंत!" त्यावर ताई म्हणाल्या, "अगं, आईचा खोळंबा झाला असता ना." म्हणाल्या आणि स्वतःच खुदकन हसल्या.

मी त्या सरकारी ग्रंथालयात बाइंडर होते. तळमजल्यावर माझी खोली, तिथे कापायचं मशीन, चिकटवायच्या खळीचं पातेलं आणि पुठ्ठ्यांचे ढीग. ताईंचं टेबल दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी. टेबलावर पाटी होती, 'परदेशी देवाणघेवाण'. नाव मोठं, काम सोपं. आमच्या सरकारने आणि आणखी अकरा देशांच्या सरकारांनी मिळून ठरवलं होतं की आपापल्या खात्यांचे जे अहवाल छापून निघतील ते एकमेकांच्या ग्रंथालयांना फुकट पाठवायचे. छापखान्यातून प्रत्येक अहवालाच्या चौदा प्रती यायच्या. तीन आमच्याकडे राहायच्या, अकरा परदेशी जायच्या. महिन्यातून दोनदा पार्सलांचा दिवस. ताई स्वतः गठ्ठे बांधायच्या, गाठ मारून झाली की ओढून बघायच्या, आणि पुढचे कित्येक दिवस तिकडून पोचेचं कार्ड येईपर्यंत ह्यांचा जीव टांगणीला. कार्डं छोटीच असायची. अमुक नंबरचा अहवाल मिळाला, आभारी आहोत, खाली सही. काही सह्या वीस-वीस वर्षं त्याच होत्या. ताईंनी त्या माणसांना कधी पाहिलं नव्हतं, पण एखादी सही बदलली की दिवसभर त्यांचा एकच प्रश्न. "आजारी असेल का गं?" मी म्हणायचे, "बढती मिळाली असेल!"

त्या वर्षी एका पार्सलांच्या दिवशी इमारत खात्याचा एक बारका, राखाडी पुठ्ठ्याचा अहवाल आला. सरकारी इमारतींची पाहणी. असले अहवाल कोण वाचतं? ताईंनी नोंदवहीत चढवला, तीन प्रती ठेवल्या, अकरा संध्याकाळच्या टपालाने रवाना.

पाचव्या दिवशी परिपत्रक आलं. सदर अहवालात त्रुटी असल्याने तो मागे घेण्यात येत आहे, असतील तेवढ्या सगळ्या प्रती परत कराव्यात, आणि आता एकही प्रत शिल्लक नाही असं सही करून लिहून द्यावं. साहेबांनी ताईंना बोलावलं. ताईंनी तीन प्रती आणून ठेवल्या, नोंदवही पाहिली आणि सही केली. खोटं काय होतं त्यात? आमच्या ग्रंथालयात खरोखर एकही प्रत नव्हती. बाहेर गेलेली वस्तू आपल्या वहीतून उतरते आणि आपल्या दृष्टीने संपते. आमच्यासारख्यांची डोकी अशीच चालतात.

आठवड्याने पहिलं कार्ड आलं. ताई ते घेऊन माझ्या खोलीत आल्या तेव्हा पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "अगं, हा बघ नंबर. तोच तो. ह्यांना मिळालाय. आणि मी सही करून बसलेय."

"फाडून टाका," मी म्हणाले.

"पोचेचं कार्ड फाडू?" मी कुणाचा गळा दाबायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. वर गेल्या आणि कार्डावर आवक-शिक्का मारून फाइलला लावलं. धन्य ती बाई! स्वतःच्या विरुद्धचा पुरावा स्वतःच्या हाताने टाचणी लावून ठेवला. मग दुसरं कार्ड आलं, तिसरं आलं. सगळीकडून आभार, सगळीकडून सदिच्छा, आणि प्रत्येक कार्डाला ताईंची टाचणी. महिन्याच्या तक्त्यात आकडे जुळेनात तेव्हा साहेबांना कळलं. त्यांचा आवाज तळमजल्यापर्यंत आला. "सही करताना डोळे मिटले होते का तुमचे?" सरकारने मागे घेतलेला कागद अकरा देशांत आपल्या हाताने वाटला, ही काय लहान गोष्ट आहे? चौकशी लागेल, नोकरी जाईल, पेन्शन विसरा. हे सगळं ते दार उघडं ठेवून बोलले.

ताईंनी अकरा पत्रं टाइप केली. अहवाल नजरचुकीने पाठवला गेला आहे, कृपया परत पाठवावा ही विनंती. टाइप करताना इतक्या चुका झाल्या की प्रत्येक पत्र दोनदा करावं लागलं.

आणि सांगते काय, सगळे परत आले! एकाही ग्रंथालयाने का म्हणून विचारलं नाही. इतक्या वर्षांचे चांगले संबंध, त्यात तुमची अडचण ती आमची अडचण. कुणी नवीन वेष्टनात घालून पाठवला. कुणी वर माफी मागितली, की आमच्या वाचकाच्या हातून एका पानाला शाईचा ठिपका लागला आहे. महिन्याभरात दहा प्रती हजर. साहेब गोड झाले. राहिली एक, अकराव्या देशातली.

आलेल्या प्रती माझ्याकडे यायच्या. पहिल्या पानावर साहेबांचा कारकून लाल अक्षरांत 'रद्द' असा शिक्का मारायचा, मी पुठ्ठा सोलायचा, दोरा काढायचा, आणि पानं लगद्याच्या पोत्यात. कारकून स्टूल टाकून समोर बसायचा आणि पानं मोजून घ्यायचा. तेव्हा खिशात कॅमेरे घेऊन कुणी फिरत नव्हतं. आठव्या प्रतीचा दोरा काढताना पानं सुटून जमिनीवर पसरली, ती गोळा करताना माझी नजर एका यादीवर गेली. धोकादायक इमारती. चौथं नाव आमच्या सरकारी वसाहतीतल्या मुलींच्या शाळेचं. पूर्वेकडचा भाग, वरच्या मजल्याचा स्लॅब, आतल्या सळ्या गंजून गेलेल्या. वापर तत्काळ थांबवावा.

ताईंची नात त्या शाळेत चौथीत होती. चौथीचे वर्ग पूर्वेकडे, वरच्या मजल्यावर, त्या स्लॅबच्या बरोब्बर खाली.

कारकून उठून गेल्यावर मी जिना चढून वर गेले आणि ताईंना सांगितलं. वाटलं, आता ह्या इथेच पडणार. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "ती आत्ता वर्गात असेल."

दुसऱ्या दिवसापासून नात शाळेत गेली नाही. ताईंनी घरात सांगितलं, पोरीचं अंग गरम लागतंय. सून म्हणाली, "आई, थर्मामीटर तर काही दाखवत नाही." "थर्मामीटर बिघडलाय," ताई म्हणाल्या. दोन दिवसांनी पोट दुखायला लागलं, मग घसा. नात खुशीत होती, आजीच्या पलंगावर बसून चित्रं काढत होती. सुनेला वाटलं सासूबाईंचं डोकं फिरलंय, पण ताईंशी भांडणार कशी? ताई दुपारी घरी धावत यायच्या आणि नात दिसली की परत ऑफिसला.

पण त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेचा रस्ता दिसायचा. सकाळी दोन-दोन वेण्या घातलेल्या पोरी दप्तरं उडवत जायच्या. ताई मला म्हणाल्या, "मी खिडकी बंद करते गं. पण आवाज येतातच."

आता तुम्ही म्हणाल, मग जाऊन सांगायचं ना शाळेत. हेच तर सांगतेय. आम्ही दोघींनी बसून विचार केला. ताई म्हणाल्या, "जाऊन काय सांगू? अहवालात आहे म्हणू? कुठाय अहवाल म्हणतील. अहवाल मागे घेतलाय म्हणतील. मग साहेबांना फोन जाईल." आणि मी, शहाणी, मी म्हणाले, "बरोबर आहे ताई. शिक्क्याशिवाय कोण विचारतं? शिक्क्याची प्रत पाहिजे." वीस वर्षं मी हेच बघत आले होते. आमच्या खिडकीवर लोक नकला मागायला यायचे, खरं बोलायचे, रडायचे, आणि कागदावर गोल शिक्का नाही म्हणून परत जायचे. खरं म्हणजे काय, तर कुठल्यातरी सरकारी ग्रंथालयाच्या शिक्क्याचा कागद. ही आमची दोघींची समजूत होती, आणि तिच्यात आम्हाला काही चुकीचं वाटत नव्हतं.

दोनच दिवसांत अकराव्या देशाचं पत्र आलं. खाली ती वीस वर्षांची जुनी सही. दिलगीर आहोत, पण आमच्या कायद्याप्रमाणे एकदा नोंदवहीत चढलेलं पुस्तक बाहेर देता येत नाही. मात्र करारात ठरल्याप्रमाणे कुठल्याही पानाची प्रमाणित प्रत हवी असल्यास नेहमीचा विनंती-अर्ज पाठवावा, आनंदाने देऊ. साहेबांनी पत्र वाचून फाइलमध्ये टाकलं. "राहू दे. इतक्या लांब कोण वाचणार आहे? आता पुन्हा पत्रव्यवहार करायचा नाही, समजलं ना?"

"समजलं," ताई म्हणाल्या.

समजलं म्हणाल्या आणि दुपारी माझ्या खोलीत येऊन, दार लावून, खळीच्या पातेल्याशेजारी अर्ज भरायला बसल्या. अर्जावर मागणाऱ्याची सही लागते, आणि ती ठेवायची म्हणजे चौकशी झालीच तर सुटकेची वाट नाही. मी म्हणाले, "माझी करते." "तू बाइंडर," त्या म्हणाल्या, "तुझी सही तिकडे चालणार नाही." तेही खरंच होतं. त्यांनी पूर्ण नावाने सही केली. ते नाव शेवटपर्यंत लिहायला त्यांना मिनिटभर लागलं असेल. पाकीट त्यांनी ऑफिसच्या टपालात टाकलं नाही. आम्ही दोघी चालत मोठ्या पोस्टात गेलो.

आणि मग वाट बघणं सुरू झालं. तसले दिवस वैऱ्यावरही येऊ नयेत. ट्रक गेला आणि खिडकीची काच थरथरली की ताई उभ्या राहायच्या. लांब कुठे काही पडल्याचा आवाज आला की माझ्याकडे बघायच्या, आणि मी म्हणायचे, "गोदामात खोका पडला ताई, खोका." जेवणाच्या सुट्टीत त्या शाळेवरून चक्कर मारायच्या. एकदा मीही गेले. पूर्वेची भिंत बाहेरून छान रंगवलेली. शिपाईमावशी वर्गातून सुपली भरून गिलाव्याचे तुकडे घेऊन आली आणि कोपऱ्यात ओतले. मी विचारलं, "हे कुठलं मावशी?"

"वरनं पडतं. रोजचंच आहे," ती म्हणाली. "काल एकीच्या वहीवर पडलं. पोरी हसतात नुसत्या."

वरून पाढे ऐकू येत होते. तीस-चाळीस गळे एका सुरात. सांगू का हिला? पण काय सांगू, कागद कुठे होता? ताईंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं. आम्ही तशाच परत फिरलो. वाटेत त्या म्हणाल्या, "येईल गं. या आठवड्यात येईल." मी म्हणाले, "येईलच." दोघीही टपालाबद्दल बोलत होतो.

अखेर ते आलं. जाड पाकीट, वर चार तिकिटं. जिन्यात साहेब समोरून येत होते. "काय आहे ते?" त्यांनी विचारलं. ताई म्हणाल्या, "माझं आहे." एवढंच म्हणाल्या आणि भिंतीला चिकटून बाजूने खाली उतरल्या. ऑफिस सुटायला अजून चार तास होते. बाईने आयुष्यात कधी पाच मिनिटं लवकर ऑफिस सोडलं नव्हतं. आम्ही तडक शाळेत गेलो.

मुख्याध्यापिका बाई किरकोळ अंगाच्या, बाहीला खडू लागलेला, टेबलावर वह्यांचा गठ्ठा. ताईंनी पाकीट उघडून पानं ओळीने मांडली. प्रत्येक पानावर गोल, निळा, स्वच्छ शिक्का. आणि पाठ केल्यासारखं बोलायला सुरुवात केली. "वरच्या मजल्याचा पूर्वेकडचा स्लॅब धोकादायक आहे, असा अहवाल आहे. मूळ प्रत इथे उपलब्ध नाही, पण ही प्रमाणित प्रत, परदेशी सरकारी ग्रंथालयाकडून करारानुसार मागवलेली, प्रत्येक पानावर शिक्का—"

"एक मिनिट," बाई म्हणाल्या. पानांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, ताईंकडेच बघत होत्या. "तुम्ही चौथी ब मधल्या त्या गोबऱ्या गालांच्या मुलीच्या आजी ना? ती आजारी आहे ती?"

बाईंनी मागच्या कपाटातून चौथी ब चं हजेरीपत्रक काढलं, बोट ठेवून ओळ शोधली, आणि गैरहजेरीचे दिवस आडवे मोजत गेल्या. मनातल्या मनात नाही, मोठ्याने. एक, दोन, तीन. सोळापर्यंत.

त्यांचा चेहरा कसा झाला ते मला अजून सांगता येत नाही. पत्रक टेबलावर ठेवून त्या उठल्या, धावल्या नाहीत, व्हरांड्यात गेल्या आणि घंटा दिली. पूर्वेचे सगळे वर्ग खाली. ओळीने, दप्तर घेऊन, जिन्यात ढकलाढकली नाही. पोरींना वाटलं सुट्टी झाली. कलकलाट करत उतरत होत्या. मी खांबाला धरून उभी राहिले आणि एकेक डोकं मोजत सुटले, का ते मला माहीत नाही. शेवटची मुलगी पट्टी विसरली म्हणून पुन्हा वर निघाली तेव्हा बाई तिच्यावर अशा ओरडल्या की ती जागच्या जागी रडायला लागली.

पुढचं आधीच सांगून टाकते. पूर्वेचा भाग त्या दिवसापासून बंद झाला, पोरी व्हरांड्यात आणि झाडाखाली बसल्या. महिन्याने खात्याची माणसं आली, त्यांनी टेकू लावले, आणि वर्ष सरायच्या आत कसलाही अहवाल वगैरे न बोलता तो भाग पाडून टाकला. आमच्याकडे चौकशी झाली. ताईंचं टेबल गेलं, पाटी गेली, त्यांना खालच्या गोदामात बसवलं, आणि त्या निवृत्त होईपर्यंत तिथेच बसल्या. ऑफिसात लोक बदलले. जे भित्री म्हणायचे तेच म्हणायला लागले, काय धीराची बाई, अकराव्या देशातून कागद आणला आणि पोरी वाचवल्या. निवृत्तीच्या दिवशी कुणी भाषणात तसं बोलायला लागला तेव्हा ताई उठून बाहेर गेल्या. लोकांना वाटलं, गहिवरल्या. मी त्यांच्या मागे गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार होते?

कारण त्या दिवशी मी तिथे होते. पोरी सगळ्या खाली उतरल्यावर बाई खोलीत परत आल्या. टेबलावरची पानं त्यांनी गोळा केली, न वाचताच, आणि ताईंच्या हातात दिली.

"मला हे कशाला दाखवता?" त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी येऊन नुसतं म्हणायचं होतं, बाई, पोरींना तिथे बसवू नका. मी बसवल्या असत्या का?"

ताई म्हणाल्या, "भीती वाटली."

"कशाची?"

बाहेर मैदानात पोरी ओरडत होत्या. ताईंनी माझ्याकडे बघितलं. साहेबांची, चौकशीची, सहीची, पेन्शनची, सगळी उत्तरं आम्हा दोघींना पाठ होती. त्यातलं एकसुद्धा त्या खोलीत तोंडातून बाहेर पडलं नाही.